धरणाकाठचा डबा : जिओकॅशिंगची सेवा नागपुरातून वापरताना

निकाल आधी सांगून टाकतो. नागपुरात राहून जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवर लपवलेले डबे शोधण्याचा खेळ, करायचं असेल तर फुकट खातं, अँड्रॉइड फोनवर सी-जिओ हे ॲप, घरूनच उतरवून घेतलेला नकाशा आणि खिशात दोन पेन्सिली एवढ्यावर भागतं. प्रीमियमची वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. सेवेला पाचपैकी साडेतीन. डब्याची जागा दाखवण्याचं काम ती चोख करते. पण धरणाचं चढतं-उतरतं पाणी, वैदर्भीय ऊन आणि मोहाखाली लागणारी आग यांचा हिशेब तिच्याकडे नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

ज्यांना प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन शोधत जातात, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा ठेवून परततात. खेळात त्याला ‘कॅश’ म्हणतात, पण आपल्याकडे हा शब्द काढला की समोरचा आधी पाकिटावर हात ठेवतो, म्हणून इथे डबाच म्हणू. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी बंद केली आणि शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली, तो पहिला डबा. त्याच वर्षी सिएटलमध्ये सुरू झालेली ग्राउंडस्पीक ही कंपनी आजची सेवा चालवते. जगभरात तीस लाखांहून अधिक डबे आहेत, भारतात मात्र ते फार विरळ.

वर्गणीचा प्रश्न या विरळपणामुळेच निकालात निघतो. अधिकृत ॲपमध्ये फुकट खात्याला सोपे डबे दिसतात, अवघड आणि काही वेगळ्या प्रकारचे डबे कुलूपबंद राहतात, आणि यादी फोनमध्ये साठवून मोबाइलचं जाळं नसताना वापरण्याची सोयही वर्गणीदारांनाच मिळते. जर्मनीत राहणाऱ्याला हे परवडतं, कारण तिथे घराबाहेर पडलं की चार डबे. नागपूरकराला वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच शोधायचे असतील तर पैसे वाया जातात. सी-जिओ हे स्वयंसेवकांनी बनवलेलं मुक्त स्रोत ॲप आहे, फुकट आहे आणि त्याच खात्याने चालतं. फक्त वर्गणीदारांसाठी ठेवलेले डबे सोडले तर बाकी सगळं दाखवतं आणि साठवूनही देतं. दिसायला गचाळ, मेनूत मेनू, पण रानात हेच उपयोगी पडतं. ते फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांनी कॅशली बघावं. हिमाचलात किंवा परदेशात सुट्टी काढणार असाल तर वर्गणीचा विचार तेवढ्या काळापुरता करा.

डब्याच्या पानावर काय वाचायचं, ते बहुतेक जण उलट क्रमाने वाचतात. आधी वर्णन आणि फोटो बघतात, शोधून गेलेल्यांच्या नोंदी शेवटी. आधी नोंदीच बघाव्यात. डबा शेवटचा कधी सापडला? त्यानंतर सलग दोन-तीन ‘सापडला नाही’ आहेत का? मालकाने, म्हणजे डबा ठेवणाऱ्याने, त्यांना उत्तर दिलंय का? शेवटची यशस्वी नोंद दोन पावसाळ्यांपूर्वीची असेल तर तो डबा तिथे नाही असं धरून चाला, आणि तरीही जायचं असेल तर फिरायला म्हणून जा. मग अवघडपणाचे दोन आकडे. पहिला शोधण्याचा, दुसरा वाटेचा, दोन्ही १ ते ५ आणि अर्ध्या-अर्ध्या पायरीने. वाटेचा १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल अशी जागा, ५ म्हणजे होडी, दोर असलं खास साधन लागणारी. मापही दिलेलं असतं : ‘मायक्रो’ १०० मिलिलिटरच्या आत, ‘स्मॉल’ एक लिटरपर्यंत, ‘रेग्युलर’ २० लिटरपर्यंत. डबा कुठे असेल हे सुचवणारी खुणेची ओळ सांकेतिक लिपीत असते, रोमन अक्षरं १३ घरं पुढे सरकवलेली. ॲप एका टिचकीत उलगडून देतं. घरून निघतानाच उलगडून कागदावर लिहून घ्या.

अक्षांश-रेखांशांच्या लिखाणात सर्वांत जास्त माणसं चुकतात आणि चूक लक्षातही येत नाही, म्हणून इथे जरा थांबू. ही सेवा अंश आणि दशांश मिनिटं वापरते. समजा उत्तर अक्षांश २१° ०८.७६०′ असा लिहिलाय. हे कोणी नकाशाच्या ॲपमध्ये २१.०८७६० असं टाकलं तर खूण खऱ्या जागेच्या दक्षिणेला जवळजवळ साडेसहा किलोमीटरवर पडते, कारण ०८.७६० मिनिटं म्हणजे ०.१४६ अंश, ०.०८७६ नव्हे. दुसरी चूक, ०८.७६० ला ८ मिनिटं ७.६ सेकंद समजणं. यात सुमारे १.२ किलोमीटरचा फरक पडतो, आणि हा जास्त फसवा, कारण खूण त्याच परिसरात पडते, त्याच तलावाच्या दुसऱ्या काठाला, आणि माणूस तास-दीड तास तिथले दगड उचलत बसतो. गूगल मॅप्समध्ये टाकताना अंश आणि मिनिटं यांच्यात नुसती मोकळी जागा सोडा, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम द्या, म्हणजे ते नीट वाचलं जातं. शेवटच्या आकड्याची किंमतही माहीत असू द्या. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आणि नागपूरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण १.७३ मीटर. म्हणजे शेवटचा आकडा तीनने चुकला तर पाच-सहा मीटर, शोधण्याच्या टप्प्यातच. मधला एक चुकला तर अठरा मीटर, झाडच वेगळं.

फोनची अचूकता मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर असते. लपवणाऱ्याच्या फोनचीही तेवढीच. दोघांच्या चुका विरुद्ध दिशांना पडल्या तर दहा मीटरचं वर्तुळ, आणि ही काही सेवेची खोट नाही. सागाच्या दाट पानांखाली, किंवा धरणाच्या दगडी भिंतीच्या आडोशाला ते आणखी वाढतं, कारण उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन स्वतःला भलतीकडे समजतो. दोन वारंवारता पकडणारा फोन इथे थोडा उजवा ठरतो. जाळं नसलेल्या ठिकाणी पहिल्यांदा जीपीएस चालू केलं तर उपग्रहांची ताजी माहिती आकाशातूनच घ्यावी लागते आणि तेवढा वेळ फोन ताटकळत ठेवतो. निघताना घराच्या अंगणातच दोन मिनिटं जीपीएस लावून जागा पकडून घ्या, पुढे उपग्रह लवकर सापडतात.

कंपासचा बाण मात्र बिलकूल भरवशाचा नाही. फोनच्या कव्हरला चुंबकाची पट्टी असेल तर आधी कव्हर काढा. मग फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात चार-पाच वेळा फिरवा. बसाल्टच्या कातळावर फोन ठेवून दिशा बघू नका, त्या दगडात लोहचुंबकी खनिज असतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्या भागात एक अंशाच्या आत आहे, त्याची काळजी करायला नको. आणि फोनवरची उंची वाचून तर कसलाही निष्कर्ष काढू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, आणि काही ॲप तिथे अडीचशेच्या आसपास दाखवतात. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रह ज्या काल्पनिक गोलावरून उंची मोजतात तो आपल्याकडे खऱ्या समुद्रपातळीपेक्षा साठेक मीटर वर आहे, आणि ॲप ती दुरुस्ती करतंच असं नाही. धरणाच्या मोजपट्टीवरचा आकडा आणि फोनवरचा आकडा ताडून ‘पाणी अजून खाली आहे’ असं ठरवणाऱ्याची फसगत ठरलेली.

शेवटच्या वीस मीटरमध्ये फोन खिशात. हे वाक्य ॲपने पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायला हवं होतं. बाण ‘३ मीटर’ म्हणतो, दोन पावलं टाकली की ‘७ मीटर, मागे’ म्हणतो, आणि माणूस गोल गोल फिरतो. त्याऐवजी जागेपासून वीस-पंचवीस मीटर लांब जा, एका रेषेत सावकाश चालत या, आकडा सर्वांत कमी कुठे झाला तिथे एक खडा ठेवा. आता काटकोनातल्या दिशेने तेच करा. दोन खड्यांच्या मधली जागा हीच शोधाची मधली जागा. मग उभं राहून नुसतं बघा : तुम्हाला डबा लपवायचा असता तर कुठे ठेवला असता? तीन दगड एकावर एक नीट बसलेले, सालीचा तुकडा उलटा पडलेला, फटीत कोंबलेली वाळकी पानं आणि बाजूच्या फटीत मात्र काहीच नाही, ही चिन्हं. हात घालण्याआधी काठी. विंचवालाही दगडाखालची गार फट आवडते.

आता पाण्याकडे वळू. बाहेरच्या देशांत हा खेळ जिथे रुजला तिथे ट्राउटचे ओढे आणि त्यांवरचे बंधारे ही डबा लपवण्याची लाडकी जागा. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी उन्हाळ्यातही गार राहतं म्हणून भिंतीखाली ट्राउट टिकतो, आणि तो धरायला येणाऱ्यांच्या पायवाटा तयार असतात. आपल्याकडे असं पाणी बघायचं तर हिमाचलात बरोटला जावं. तिथे उहल नदी अडवून शानन वीजघराला पाणी नेलंय आणि गावात ट्राउटची पैदास होते. विदर्भातल्या पाण्यात ट्राउट जगणार नाही, त्याला गार पाणी लागतं. इथे रोहू, कटला आणि मरळ. मासा बदलला तर बिघडत नाही, पण काठ बदलला की बिघडतं, आणि ते परदेशी पद्धतीने लिहिलेल्या वर्णनांत येत नाही.

आपला तलाव वर्षभर एका काठावर राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुडुंब, मग रब्बीची आवर्तनं सुटतात, आणि मे-जूनमध्ये पाणी कुठल्या कुठे मागे सरकतं. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या पसरट तलावात भिंतीची उंची थोडी, पण पाण्याची रेघ आडवी फार हलते. उतार शंभराला दोन असेल तर पातळी एक मीटर उतरली की काठ पन्नास मीटर दूर जातो. म्हणून मे महिन्यात कोणी वाटेला २ आकडा देऊन ठेवलेला डबा ऑक्टोबरात बेटावर जातो. तिथे होडीशिवाय पोचता येत नाही, म्हणजे खरा आकडा ५. ॲपवर तो २ च राहतो. उपग्रहाचं चित्रही एकाच दिवसाचं असतं, त्यात दिसणारी कोरडी वाट कोणत्या महिन्यातली हे कळत नाही. यावर उपाय साधा आहे. शेवटच्या पाच-सहा ‘सापडला’ नोंदींच्या तारखा बघा. सगळ्या मार्च ते जूनमधल्या असतील आणि तुम्ही नोव्हेंबरात निघाला असाल तर समजून जा.

उतरलेल्या पाण्याचा दुसरा सापळा गाळ. मागे सरकलेल्या पाण्याने सोडलेली काळी माती वरून वाळते, भेगा पडतात, पाय ठेवला तर टणक वाटते. पाण्यापासून वीस-तीस मीटरच्या आत तीच पोपडी खाली ओली असते. पायाखाली ती किंचित झुलली, किंवा भेगेत वाकून पाहिल्यावर ओला काळपट चकाकता थर दिसला, की तिथूनच मागे. बूट गाळात गेला तर ओढताना पाय निघतो आणि बूट राहतो. बकऱ्यांच्या खुरांचे ठसे पाहा. ते जिथे खोल उमटलेत तिथे माणसाने जाऊ नये, बकरीचं वजन तुमच्यापेक्षा कमी आहे. काठाची बेशरमीची झुडपंही ओल सांगतात. ती दाट असतील तिथे लांबून वळसा घ्या.

भिंतीच्या खालची बाजू आणखी वाईट. नदीच्या कोरड्या पात्रात, सांडव्याच्या तोंडाशी, मोरीच्या नाल्यात डबा ठेवू नये आणि कोणी ठेवलेला असेल तर शोधायला उतरू नये. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, पण पात्रातल्या दगडांवरून काठावर येईपर्यंत पाणी थांबत नाही. छोट्या तलावांना तर दारंच नसतात, सांडवा आपोआप वाहतो आणि सूचना देणारं कोणी नसतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. जागा निवडायचीच असेल तर माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांच्या पाळीपासून (मातीच्या बांधापासून) दूर, पूर्ण भरलेल्या पातळीच्या दोन-तीन मीटर वर, पांदण रस्त्याने पोचता येईल अशी निवडा. पूर्ण भरलेली पातळी ओळखायला आकडे लागत नाहीत. काठाच्या दगडांवर फिकट पट्टा आणि वाळक्या काटक्यांची ओळ दिसते, तीच.

परवानगीच्या बाबतीत सेवेचे नियम चांगले आहेत, पण ते आपल्या कायद्याला पुरे पडत नाहीत. नियम म्हणतात : जमिनीच्या मालकाची परवानगी घ्या, खड्डा खणू नका, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवा, खाण्याचे पदार्थ ठेवू नका, आणि देखभाल करता येणार नाही इतक्या दूर डबा ठेवू नका. नागपूरपुरतं त्यात एवढं जोडा. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे पायी भटकणं बंद, प्रवेश ठरलेल्या फाटकांतून वाहनाने. त्यामुळे जिल्ह्यातलं सर्वांत देखणं धरण या खेळाला बंद आहे, आणि ते योग्यच आहे. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आणि गोरेवाडा इथे तिकीट आणि वेळ आहे. वनखात्याच्या जागेत लेखी परवानगीशिवाय डबा ठेवणं म्हणजे कचरा टाकणंच, कायद्याच्या नजरेत दुसरं काही नाही. धरणाची भिंत, दारं, पंपघर, कालव्याचं फाटक, रेल्वे पूल, यांच्या जवळपासही डबा नको आणि फोटोही नको. बेवारस डबा दिसला तर पोलिसांना कळवा असं लोकांना इतकी वर्षं सांगितलंय, ते कळवणारच. पारदर्शक डबा घ्या, वर मराठीत आणि हिंदीत ‘जिओकॅशिंग – खेळाची डबी, आत फक्त कागद’ असं ठसठशीत लिहा. आत वायर, बॅटरी, घड्याळ असलं काहीही ठेवू नका. आणि परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवू नका. साधं जीपीएस यंत्र वेगळं आणि ते वेगळं, त्याला आपल्याकडे परवाना लागतो.

डब्यांची गुणवत्ता हा या परीक्षणाचा दुसरा मोठा भाग, कारण सेवेचा अनुभव शेवटी कोणीतरी ठेवलेल्या प्लास्टिकवर अवलंबून असतो. चारही बाजूंनी कडी लागणारा, झाकणात सिलिकॉनची कडा असलेला अर्ध्या लिटरचा डबा इतवारीच्या ठोक बाजारात सहज मिळतो आणि सावलीत तो वर्षानुवर्षं टिकतो. उन्हात मात्र कडीचा बिजागर आधी जातो. पॉलिप्रोपिलीन अतिनील किरणांनी ठिसूळ होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात कडी उघडताना हातात येते, आणि एक कडी गेली की झाकण त्या कोपऱ्यात किंचित उचललेलं राहतं. तिथून अख्खा पावसाळा आत. पण ओल शिरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण कडी नसून कागद असतो. घाईत झाकण लावताना झिपच्या पिशवीचा किंवा वहीचा कोपरा सिलिकॉनच्या कडेखाली अडकतो आणि वातीसारखा पाणी ओढतो. म्हणून डबा सापडल्यावर नाव लिहून झालं की झाकण लावण्याआधी कडेवरून बोट फिरवा. वाळूचा एक कण राहिला तरी पुरतो.

छोट्या मापासाठी शीतपेयाच्या बाटलीचं प्रीफॉर्म, म्हणजे बाटली फुगवण्याआधीची जाड काचेसारखी नळी, याहून चांगलं काही नाही. झाकण चक्रीचं, भिंत जाड, आणि पाणी भरणाऱ्या कारखान्यांकडे ती सुटी मिळू शकते. जुन्या फिल्मची डबी मात्र घेऊ नका. तिचं झाकण दाबून बसवलेलं असतं, हवामान बदललं की श्वास घेतं आणि प्रत्येक श्वासाला थोडी ओल आत ओढतं. नळीसाठी ए-४ कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, एका कागदात नऊ बसतात. एका पट्टीवर दोन्ही बाजूंनी चाळीसेक नावं मावतात, आपल्याकडच्या वर्दळीला ती फार वर्षं पुरते. शाई इंकजेटची नको, ओल लागली की निळा चिखल होतो. लेझरची छपाई करा. सोबत पेन ठेवलंच तर ते उन्हाने वाळतं किंवा पाझरतं. २बी पेन्सिलीचा चार सेंटिमीटरचा तुकडा ओलसर कागदावरही लिहितो. शोधायला जाणाऱ्याने स्वतःची न्यावीच.

लपवण्याच्या जागेबद्दल एक गोष्ट परदेशी मार्गदर्शकांत वाचायला मिळणार नाही. त्यांच्याकडचा आवडता आडोसा म्हणजे पडलेलं लाकूड. आपल्याकडे पडलेलं लाकूड पडून राहत नाही. ते चुलीसाठी जातं, महिना-दोन महिन्यांत, आणि त्याखालचा डबा उघड्यावर येतो. दगडांची रास शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, जाते. मोहाचं झाड तर पूर्ण टाळा : मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतात, आणि त्यात प्लास्टिक वितळून दगडाला चिकटतं. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्या चार महिन्यांत वाळक्या पाल्यात ठेवलेला कोणताही डबा धोक्यात. टिकतो तो कातळाच्या उत्तरेकडच्या फटीत, जमिनीपासून गुडघाभर उंच, पाल्यापासून दूर. घाणेरीच्या जाळीत लपवू नका. शोधणारा काट्यांनी ओरबाडून निघतो आणि वाट पाडण्यासाठी झुडूप मोडतो, मग जागा सगळ्यांना दिसते.

उन्हाचं गणित वेगळं. आयफोन बनवणाऱ्या कंपनीनेच वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय. एप्रिलमध्ये नागपुरात सकाळी अकराच्या आधीच ही मर्यादा ओलांडते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पडदा पूर्ण उजळलेला, जीपीएस सतत चालू, वर ऊन, म्हणजे फोन आधी पडदा मंद करतो आणि मग वापर थांबवायला सांगतो. काळ्या पाऊचमध्ये ठेवू नका, ओल्या दुपट्ट्यातही नको. पांढऱ्या सुती रुमालात गुंडाळून झोळीत ठेवा, दर शंभर-दोनशे पावलांनी काढून बघा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच काळात भिंतीच्या बाजूला किंवा वडाला लटकलेलं आग्या मोहोळ असेल तर पन्नास मीटरच्या आतही जाऊ नका. अत्तर, धूर आणि गोंगाट या तिन्ही गोष्टी घरी ठेवा. रामटेककडे जाणाऱ्यांनी जबलपूर रस्त्याने मनसरला वळून पहाटेच पोचावं. अंतर पन्नासेक किलोमीटर. पाणी माणशी तीन लिटर, कारण काठावर पाणी दिसतं, पण ते पिण्याचं नव्हे.

ज्यांना डबा ठेवण्याची परवानगी मिळणं अवघड वाटतं त्यांच्यासाठी या सेवेत एक प्रकार आहे, आणि नागपूरला तोच सर्वांत शोभतो : अर्थकॅश. डबा नसतोच. जागी जाऊन दगड, थर, प्रवाह बघायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पान बनवणाऱ्याला पाठवायची. नागपूर बसलंय दख्खनच्या बसाल्टच्या काठावर, पूर्वेला जुना ग्नाइस खडक. शहरातल्या टाकळीच्या थरांतले जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदले होते. शहराच्या आतच असं साहित्य असताना पाळीवर प्लास्टिक ठेवायची गरज काय? अर्थकॅश मंजूर व्हायला मात्र वेळ लागतो. प्रश्नांची उत्तरं पाटीवरून उतरवता येत असतील तर तो परत पाठवतात, आणि जागेच्या मालकाची संमती इथेही विचारतात.

सेवेसाठी डब्यांची पानं तपासणारे लोक स्वयंसेवक असतात आणि दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशातही बसलेले असू शकतात. त्यांना अंबाझरीचा सांडवा माहीत नसतो, नकाशावर निळा आकार दिसला की ते त्याला तलाव म्हणतात. म्हणून डब्याच्या पानावर पाण्याची माहिती मालकानेच लिहावी, थोड्या शब्दांत : पूर्ण भरल्यावर वाट बुडते की नाही, कोणत्या महिन्यात जावं, कुठून उतरू नये. फुकट खात्यावरूनही पानाचं वर्णन केव्हाही बदलता येतं. शोधणाऱ्याकडेही एक हत्यार आहे, ते लोक संकोचाने वापरत नाहीत : डबा फुटलेला किंवा वाट बुडालेली दिसली तर ‘सापडला’ किंवा ‘सापडला नाही’ लिहिताना ‘मालकाने लक्ष द्यावं’ ही नोंद वेगळी जोडा. मालक उत्तर देत नसेल तर तपासणाऱ्याकडे जाणारी नोंद करा, तो पान थांबवतो. आणि ओला झालेला कागद स्वतःच्या मनाने बदलून जुना घरी नेऊ नका. नवी पट्टी आत टाका, जुनी वाळवून तिथेच ठेवा, त्यावरची नावं मालकाला पडताळून पाहायची असतात.